ध्वनीच्या लाटेवरचा इलेक्ट्रॉन

नागोठण्याचे बंदर नांदते होते त्या काळी मुंबईहून महाबळेश्वरास निघालेले प्रवासी होडीने येथवर येत व पुढे महाडची वाट धरीत. अंबेच्या खाडीतून होडी वर आणण्यास भरतीचे साह्य मोठे असे. विजेच्या एका सुट्या कणास अशाच भरतीवर बसवून नेमक्या जागी उतरविण्याची तजवीज विज्ञानाने केली आहे. मात्र ही भरती ध्वनीची आहे.

तारेतून वीज वाहते तेव्हा अगणित इलेक्ट्रॉनांची झुंबड सरकत असते. तीतून एकच निवडून, त्याच्या अंगची माहिती न पुसता, अन्यत्र पोचविणे दुष्कर. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकावर धातूचे सूक्ष्म विद्युदग्र बसवून त्यांच्या ऋण विद्युत्दाबाने आसपासचे इलेक्ट्रॉन हुसकावून लावले, की मध्ये एकाच इलेक्ट्रॉनापुरता खळगा राखता येतो. तोच क्वांटम डॉट. परंतु या खळग्यातून त्या खळग्यात जावयाचे कसे? स्फटिकाच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या ध्वनीच्या लाटेवर बसून.

घन पदार्थाच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या लाटांचे गणित लॉर्ड रॅली यांनी 1885 मध्ये मांडले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने जमीन हादरली, तेव्हा भूपृष्ठावरून दूरवर गेलेल्या लाटांत याही जातीच्या लाटा होत्या. प्रयोगशाळेतील ही ध्वनीची लाट त्याच कुळातली. तिची लांबी मात्र सुमारे 1 मायक्रोमीटर आणि कंपने सेकंदास सुमारे 270 कोटी. गॅलियम आर्सेनाइडचा स्फटिक दाबला वा ताणला असता त्यात विद्युत्क्षेत्र उत्पन्न होते. म्हणून लाटेबरोबर विद्युत्क्षेत्राचेही खळगे पुढे सरकतात आणि इलेक्ट्रॉन त्यांतील एकात बसून निघतो.

2011 मध्ये केंब्रिज येथील आणि ग्रेनोबल येथील गटांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, हे सिद्ध करून दाखविले. केंब्रिजकरांनी तर 4 मायक्रोमीटर अंतरावरील दोन क्वांटम डॉटांमध्ये एकच इलेक्ट्रॉन साठाहून अधिक वेळा ये-जा करविला. एकूण प्रवास पाव मिलिमीटरचा. हे सारे निरपेक्ष शून्याच्या अगदी निकट तापमानात, कारण उष्णतेचा किंचित उपद्रवही या बंदोबस्ताचा भंग करतो.

या लाटेचा वेग सेकंदास 3 किलोमीटरहून थोडा कमी, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे एक लक्षांश. तिचा हा मंदपणाच मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो. कारण कण मार्गात असतानाच विद्युदग्रांना हुकूम देऊन त्याची वाट बदलण्यास त्यामुळे अवसर मिळतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असा इलेक्ट्रॉन दोन समांतर मार्गांपैकी हव्या त्या मार्गावर वळविता आला, आणि तो मुक्कामी पोचण्याचे प्रमाण 99 टक्क्यांहून अधिक भरले.