विळीवाला बेंडर

बाहाच्या कुठल्याही टीमला विचारून बघा, रोलकेज बनवताना सगळ्यात जास्त भांडणं कशावरून झाली? डिझाइनवरून? नाही. वेल्डिंगवरून? तेही नाही. 'अरे, धर ना नीट!' या एका वाक्यावरून. एक जण पाइप बेंडरचा दांडा ओढतोय, दोघं स्टँडला मिठी मारून बसलेत, चौथी बेसवर चढून उभी आहे आणि पाइप वाकायचा सोडून अख्खा स्टँडच गोल फिरतोय.

ज्यांना बाहा हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनीअरिंगची मुलं-मुली एका सीटची ऑफ-रोड गाडी स्वतः डिझाइन करतात, बनवतात आणि खड्ड्यांच्या, चढ-उतारांच्या ट्रॅकवर पळवतात. अमेरिकेत ही स्पर्धा १९७६ मध्ये सुरू झाली, भारतात २००७ पासून होते. इंदूरजवळचं पिथमपूर हे नाव महाराष्ट्रातल्या मेकॅनिकलच्या हजारो मुलांना त्यामुळेच पाठ आहे. गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा पाइपांचा सांगाडा म्हणजे रोलकेज. त्यातल्या मुख्य पाइपांसाठी नियमातलं मूळ माप आहे बाहेरचा व्यास २५.४ मिमी, जाडी ३ मिमी आणि स्टीलमध्ये किमान ०.१८ टक्के कार्बन. हा पाइप जितका एकसंध वाकवता येईल तितकं बरं. कापून जोडला की दर जोडावर वेल्डिंग आलं आणि वेल्डिंग आलं की शंका आली.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. फॅब्रिकेशनच्या दुकानात जॅकवाला हायड्रॉलिक पाइप बेंडर असतो. 'त्यात इंचीची डाय आहे ना, मग झालं' असं वाटतं. पण ती 'इंची' नळाच्या पाइपची. एक इंची नळाचा पाइप बाहेरून मोजला तर ३३ मिमीच्या वर भरतो. त्या डायमध्ये आपला २५.४ चा पाइप सैल बसतो आणि वाकताना चपटा होतो. वाळू भरून, तापवून वाकवणं गेटच्या नक्षीला ठीक आहे, कुणाच्या डोक्यावरच्या पाइपला नाही. म्हणून टीम हाताचा ट्यूब बेंडर घेते किंवा बनवते. बरोब्बर मापाची डाय, पाइपला बाजूने दाबून धरणारा फॉलो ब्लॉक, लांब दांडा. मोटर नाही, पंप नाही. दांडा ओढायचा, पिन काढायची, दांडा मागे आणायचा, पुढच्या भोकात पिन घालायची, पुन्हा ओढायचा.

मशीन साधं आहे. त्याला उभं कशावर करायचं, हा खरा प्रॉब्लेम.

सेकंड इयरला शिकलेलं गणित जरा करून बघू. २५.४ बाय ३ मिमीचा पाइप, स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ ३६५ मेगापास्कल धरली, तर पाइप पूर्ण वाकायला सुमारे ५५० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. डायचं घर्षण धरून ६०० म्हणा. दांडा दीड मीटरचा असेल तर टोकाला चाळीसेक किलोचा ओढा. दोघांना हे सहज जमतं. पण जेवढा टॉर्क आपण पाइपला देतो, तेवढाच स्टँडला मिळतो. दोन बाय दोन फुटांचा बेस, साठ किलोचा स्टँड आणि गुळगुळीत कोबा असेल तर जमिनीचं घर्षण जेमतेम शंभर न्यूटन-मीटरला पुरतं. बाकीचे पाचशे कुठून आणणार? नुसत्या वजनानेच भागवायचं तर एकूण साडेतीनशे किलोच्या वर जावं लागेल, म्हणजे स्टँडवर सिमेंटच्या सहा गोण्या. हे करणाऱ्या टीम असतात. गोण्या रचतात, वाकवतात, उतरवतात. मग त्याला पोर्टेबल का म्हणायचं, ते त्यांनाच ठाऊक.

पुस्तकी उत्तर सोपं आहे. जमिनीला चार भोकं पाडा, अँकर बोल्ट ठोका, स्टँड कसा. जागा स्वतःची असेल आणि काँक्रीट चांगलं जाड असेल तर डोळे झाकून हेच करा. जमिनीच्या पातळीत बसणारे अँकर मिळतात. काम झालं की बोल्ट काढायचे, स्टँड कोपऱ्यात ठेवायचा, कुणी ठेचकाळत नाही. पण कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीन घेऊन खाली वाकून तर बघा! सकाळी तिथे फर्स्ट इयरच्या फिटिंगच्या बॅचेस असतात, दुपारी डिप्लोमाच्या. टीमला मिळतो तो संध्याकाळचा तुकडा आणि भिंतीकडचा कोपरा. भाड्याचं गॅरेज असेल तर मालक. अमेरिकेत लोक पिकअप ट्रकच्या मागच्या टो-हिचमध्ये बेंडर खुपसतात, ट्रकचं वजन आयतं मिळतं. आपल्याकडे पार्किंगमध्ये उभी असते स्प्लेंडर.

आम्हाला उत्तर दिलं ते वर्कशॉपच्या मामांनी. आमची कुस्ती ते दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'काय रे, घरी विळी ओट्याला बोल्ट मारून ठेवतात का?'

'नाही मामा.'

'मग भोपळा चिरताना सरकत का नाही?'

कारण चिरणारी बाई विळीच्या पाटावर पाय दाबून बसते. नारळाच्या खवणीचंही तेच, तिच्यावरच बसायचं. हात पुढे ढकलतात, पाय आणि बूड तोच जोर मागे धरून ठेवतात आणि सगळी ओढाताण पाटातल्या पाटात मिटते. जमिनीला पत्ताही लागत नाही. गाडीत बसून डॅशबोर्ड कितीही ढकला, गाडी हलत नाही, तसंच. आम्ही मात्र वर्कशॉपच्या फरशीवर उभं राहून दांडा ओढत होतो. म्हणजे पाय फरशीला ढकलतायत, फरशी आम्हाला ढकलतेय आणि स्टँड मध्ये एकटा पडलाय. तोच ओढणारा माणूस स्टँडच्याच एखाद्या भागावर उभा राहिला, तर त्याचे हात स्टँडला जेवढं फिरवतात तेवढंच त्याचे पाय उलटं फिरवतात. हिशोब शून्य. ना बोल्ट, ना गोण्या.

म्हणजे बनवायचा आहे एक मोठा पाट. मध्ये १०० बाय १०० चा, पाच मिमी जाडीचा बॉक्स पाइप उभा. ही पोस्ट. तिच्या डोक्यावर जाड प्लेट, तिच्यावर बेंडर. पोस्टच्या पायातून निघणारी दोन समांतर सी-चॅनेलची लांब जीभ आणि जिभेच्या टोकाला आडवा, सहा फुटी पाट. वरून बघितलं तर इंग्रजी टी. पाटावर चेकर प्लेट, म्हणजे बूट घसरत नाही. पिनवाला बेंडर असल्याचा इथे मोठा फायदा होतो. दांडा एका वेळी वीसेक अंशच फिरवायचा, म्हणजे दीड मीटरवरचं टोक अर्धा मीटर सरकतं. तेवढंच चालायचं असतं. पिन नसती तर पोस्टभोवती गोल ओटाच बांधावा लागला असता.

जीभ पोस्टला वेल्ड करू नका, नाहीतर दारातून बाहेर निघणार नाही. पण एका पिनेवरही ठेवू नका, एक पिन म्हणजे बिजागरी. आठ इंचांच्या अंतरावर दोन पिना हव्यात, सोळा मिमीच्या, भोकात घट्ट बसणाऱ्या. भोक मिमीभर जरी सैल राहिलं तरी दीड मीटरवर पाट सात-आठ मिमी डुलतो आणि दर झटक्याला आणखी सैल होत जातो. पोस्टच्या मागे दोन चाकं, स्टँड सरळ उभा असताना जमिनीपासून बोटभर वर. मागे कलंडला की चाकं टेकतात, मग ट्रॉली बॅगसारखा ओढत न्या. जीभ आणि पाट वेगळे काढले की सगळा संसार छोट्या हत्तीत मावतो.

विळीच्या उपमेत एक खोट आहे आणि ती लक्षात ठेवायलाच हवी. विळीवर आपण बसतो, इथे उभे असतो. चाळीस किलो ओढताना माणूस रस्सीखेचीसारखा मागे झुकतो आणि दांडा जितका उंच तितकं जास्त झुकावं लागतं. सत्तर किलोच्या एकट्या माणसाने छातीच्या उंचीवरून ओढलं तर त्याचा तोल दोन-सव्वादोन फूट मागे जातो, पाटाच्या बाहेर. दांडा मांडीच्या उंचीवर, सत्तर सेंटीमीटरवर आणला आणि ओढायला दोघं असले तर प्रत्येकाला वीतभरच झुकावं लागतं. म्हणून पोस्ट बुटकी ठेवा, बघायला ओबडधोबड वाटली तरी. पाटावर अँगलच्या दोन-तीन आडव्या पट्ट्या वेल्ड करा, बुटाची टाच अडकवायला. आणि दांड्याला पाइप घुसवून तो लांब करायचा मोह टाळा. दांडा पाटाच्या पुढे गेला की माणूसही पुढे जातो, त्याचा पाय फरशीवर पडतो आणि स्टँड पुन्हा फिरायला मोकळा.

हे सगळं केवळ दमछाक वाचवायला आहे असं समजू नका. रोलकेजचा पाइप एकाच पातळीत वाकत नाही. एक बेंड मारायचा, पाइप स्वतःभोवती ठरावीक अंशांनी फिरवायचा, मग दुसरा मारायचा. हा फिरवलेला कोन आपण पाइपवर डिजिटल अँगल गेज ठेवून मोजतो आणि ते गेज जमिनीचा आडवेपणा गृहीत धरतं. पहिल्या आणि दुसऱ्या बेंडच्या मध्ये स्टँड दोन अंश कलला, तर एक मीटर लांबीच्या पाइपचं टोक ३५ मिमी भलतीकडे जातं. नियम सांगतो की ड्रायव्हरच्या हेल्मेटपासून पाइपांपर्यंत १५२ मिमी मोकळी जागा हवी. त्यातले ३५ गेले की इन्स्पेक्शनला गाडी बाजूला. म्हणून स्टँडच्या चार पायांना वरखाली होणारे बोल्ट हवेत, दोन पोस्टखाली, दोन पाटाच्या टोकांना, खाली रबर. तीन टेकवून पाणसळ लावायची, चौथा शेवटी नुसता हलकेच टेकवायचा. दर बेंडआधी पाणसळीकडे एक नजर. दहा सेकंदांचं काम आहे.

स्प्रिंगबॅकची गोष्ट वेगळी. नव्वद अंश हवेत तर दोन-चार अंश जास्त वाकवावंच लागतं. नेमके किती, ते त्याच लॉटच्या पाइपाचा तुकडा वाकवूनच कळतं. ते तुकडे टाकू नका, त्यांच्यावर मार्करने कोन लिहून ठेवा. पुढच्या बॅचला पीपीटीपेक्षा तेच उपयोगी पडतात.

वाकवताना पाइपचं मोकळं टोक झाडूसारखं फिरतं. ते कुठवर पोचेल, तेवढा खडूचा गोल जमिनीवर आधी काढा आणि गोलात कुणी नको, मोबाइलवर रील काढणारे तर नकोच. पाटावरच्या दोघांनी 'तीन म्हटल्यावर' ओढायचं, झटका द्यायचा नाही. क्लॅम्पमधून पाइप सटकला तर झुकलेला माणूस सरळ मागे जातो. मागे भिंत, ग्राइंडर, गॅस सिलिंडर यापैकी काहीही नसावं.

आणि जिभेच्या त्या दोन पिनांना साखळी लावून टाका. नाहीतर आठवडाभरात त्यातली एक गायब होते आणि सापडते ती कुणाच्या तरी स्प्लेंडरच्या साइड स्टँडमध्ये.