बर्फावरच्या टायरला चाकूच्या चिरा

चांगल्या टायरवर मुद्दाम चाकू चालवायचा म्हटले, तर आपल्याकडचा कोणताही गाडीमालक अंगावर धावून येईल. आमच्या घरी दोन ट्रक होते. दिवाळीच्या फराळाला बसतानाही वडील आणि काका टायरच्या भावावर बोलत. त्यामुळे कॅनडातल्या कॅलगरीला भाच्याकडे गेलो असताना तिथल्या टायरच्या दुकानात जे पाहिले, त्याने मी चक्रावून गेलो. यंत्रावर चढवलेला ट्रकचा टायर सावकाश फिरत होता, आणि एक धारदार पाते त्याच्या नक्षीवर आडव्या, बारीक चिरा पाडत चालले होते. शेजारी टायरचा मालक शांतपणे कॉफी पीत उभा!

भाचा तिथे एका वाहतूक कंपनीत कामाला आहे. त्याचे वडील धारवाडकडचे, त्यामुळे आमचे बोलणे अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये. तो म्हणाला, "मामा, याला सायपिंग म्हणतात. रबर काढून टाकत नाहीत, फक्त चिरतात."

फरक इथेच आहे. टायरची मूळ नक्षी म्हणजे रुंद चर; पावसाचे पाणी बाहेर फेकायला ते लागतात. सायपिंगची चीर मात्र केसासारखी. टायर उभा असला तर ती दिसतही नाही. चाक रस्त्यावर दाबले गेले की चीर किंचित उघडते आणि एका जाड ठोकळ्याच्या जागी अनेक पातळ पाकळ्या होतात. प्रत्येक पाकळीला स्वतःची कड असते, आणि बर्फाला धरतात त्या या कडाच.

आपल्याला वाटते, थंडी जितकी कडाक्याची तितका बर्फ निसरडा. प्रत्यक्षात शून्य अंशाच्या आसपासचा बर्फच जास्त दगा देतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे वीसमध्ये तोच बर्फ बराच खरखरीत लागतो. चिरा हा पाण्याचा थर तोडतात, थोडे पाणी पोटात घेतात, म्हणून रबर बर्फापर्यंत पोचते.

ही युक्ती मूळची चपलांची, हे मला नंतर कळले. जॉन सायप नावाच्या अमेरिकन माणसाने १९२३ साली रबरी तळव्याला अशा चिरा पाडण्याचे पेटंट घेतले. तो कत्तलखान्यात काम करी आणि ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून त्याने बुटांचे तळवे चिरले, असे सांगतात. पुढे १९३५ मध्ये पॉल स्पेरीने आपला कुत्रा बर्फावरून न घसरता पळतो हे पाहिले आणि त्याच्या पंजांवरच्या भेगांवरून नावेवर घालायचा बूट तयार केला. बर्फावर चालणाऱ्या टायरला हल्ली कारखान्यातच नागमोडी चिरा असतात. आतून त्या एकमेकींत अडकतात, त्यामुळे ठोकळा फार डुलत नाही.

सायपिंगचा तोटा नाही असे नाही. कोरड्या रस्त्यावर पातळ पाकळ्या जास्त हलतात, तुकडे निघू शकतात, आणि ब्रेक लागायला अंतर थोडे वाढते. शिवाय मोठ्या चढावर चिरांच्या भरवशावर कोणी राहत नाही. कॅलगरीहून व्हँकुव्हरकडे निघाले की रॉकी पर्वतात १,६२७ मीटर उंचीची किकिंग हॉर्स खिंड लागते. पलीकडच्या ब्रिटिश कोलंबियात डोंगरी रस्त्यांवर हिवाळ्यात अवजड ट्रकला चाकाच्या साखळ्या जवळ ठेवाव्याच लागतात. लडाखात लष्करी ट्रक चालवलेले आमच्या गल्लीतले एक निवृत्त हवालदारही साखळ्यांचेच गुण गातात. उघड्या हातांनी त्या चढवताना बोटे कशी बधिर होतात, याची गोष्ट त्यांच्याकडून ऐकावी.

आता आपल्याकडे. चोर्ला किंवा आंबोली घाटात बर्फ नाही, पण जुलैचा पाऊस आहे. (कन्नडमध्ये पावसाला 'मळे' म्हणतात, मराठीत मळे म्हणजे शेते, आमच्या घरातली मुले यावर अजून हसतात.) पावसाला हवेत रुंद आणि खोल चर. केसाएवढ्या चिरांनी साचलेले पाणी हटत नाही. पण टायर गुळगुळीत झाला की आपल्याकडे काही ठिकाणी तापलेल्या पात्याने त्यावर नवी नक्षी कोरून देतात. दिसायला टायर नवा, किंमत किरकोळ. त्यावर माझा राग आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही.

नक्षीच्या खाली रबराचा एक राखीव थर असतो आणि त्याखाली पोलादी तारांचे पट्टे. ट्रकचे काही टायर मुळातच जाड थराचे बनवतात. त्यांच्या बाजूवर 'रीग्रूव्हेबल' असे छापलेले असते. त्यांच्यावरच, ठरावीक खोलीपर्यंत, पुन्हा चर पाडता येतात. अमेरिकेच्या नियमानुसार असे चर पाडल्यावरही तारांवर इंचाचे ३/३२, म्हणजे साधारण २.४ मिलिमीटर रबर उरले पाहिजे. अशा टायरवरची सायपिंगची चीरही मूळ चरापेक्षा खोल जाता कामा नये. साध्या, झिजलेल्या टायरवर पाते चालवले तर ते तारांपर्यंत पोचते. तिथून पाणी शिरते, तारा गंजतात, आणि भरलेल्या गाडीचा टायर उतारावर तापून फुटतो. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

आपल्याकडे ट्रकच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. ते बघायला मेकॅनिक लागत नाही. टायरच्या बाजूला 'टीडब्ल्यूआय' ही तीन इंग्रजी अक्षरे किंवा छोटा त्रिकोण शोधा आणि त्याच्या सरळ रेषेत चरात बघा. तिथे रबराचा एक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली, की टायर उतरवायचा. लग्नाला किंवा गोव्याला जायला भाड्याची गाडी दारात आली, तर सामान चढेपर्यंत चारही चाके बघून होतात. उंचवटा नाहीसा झालेला असूनही चर मात्र खोल, कडा जळल्यासारख्या आणि वेड्यावाकड्या दिसल्या, तर तो टायर कोरलेला आहे. दुसरी गाडी मागवा. चालक थोडा रागावेल, मुलांच्या खेळण्याला अर्धा तास मिळेल.