पुरानंतरचें नगर

नागझिऱ्याच्या वनाभोंवतीं, गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत, जे शेंकडों तलाव पसरलेले आहेत त्यांतील पुष्कळसे कोहळी लोकांनीं फार पूर्वीं बांधलेले आहेत. पुढें ते मालगुजारी तलाव या नांवानें ओळखले जाऊं लागले. नवेगांवचा बांध कोलू पाटील कोहळी यांचा, अशी तिकडील परंपरा सांगते. या तलावांची रचना पाहणाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानांत येते. पाणी अडविणारी पाळ जितक्या काळजीनें घातलेली असते तितक्याच काळजीनें जादा पाण्याचा सांडवा, ज्यास तिकडे सलंग म्हणतात, तो राखलेला असतो. पाण्यास जावयाची वाट आधीं ठरवावयाची आणि मग तें अडवावयाचें, हा त्या बांधणाऱ्यांचा क्रम. अशा गांवीं एखादे वर्षीं पाळ फुटली तर हानि होते ती मुख्यतः शेतांची. नुकसान कोणाचें आणि दुरुस्तीचा लाभ कोणास, याचा हिशेब गांवास एका बैठकींत करतां येतो.

नगराचें तसें नाहीं. नगरांत एकाच भिंतीआड मालक राहतो, भाडेकरू राहतो आणि भाडेकरूचा पोटभाडेकरूही राहतो. पुढें दुकान असतें, मागें एखादा छापखाना असतो, चौकांत सर्वांची मिळून एक विहीर असते. ती भिंत पडली म्हणजे नक्की कोणाचें काय पडलें, हें ठरविण्यासच वर्षें लागतात. महाराष्ट्रांत या प्रश्नाची मोठी परीक्षा पुणें शहरास द्यावी लागली, आणि तिचा शेवटचा कागद निघण्यास जवळजवळ साठ वर्षें गेलीं.

तो दिवस १२ जुलै १९६१, बुधवारचा. पुण्याच्या नैर्ऋत्येस आंबी नदीवर पानशेत येथें मातीचें धरण बांधलें जात होतें. पाणी सोडण्याच्या मोरीचें व तिच्या दारांचें काम अपुरें असतांच त्या पावसाळ्याचें पाणी त्यांत सांठूं लागलें. मोरीवरचा मातीचा बांध खचूं लागला, तेव्हां सैनिकांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून तो तोलून धरला. सकाळीं तो फुटला. हे कांहीं तास फुकट गेले नाहींत; तोच लोंढा मध्यरात्रीं सुटता तर झोंपलेल्या पेठांचें काय झालें असतें याची कल्पनाच करावी. आंबीचें पाणी मुठेंत आलें आणि मुठेवरील खडकवासल्याच्या तलावांत शिरलें. खडकवासल्याचें दगडी धरण त्या वेळीं ऐंशीं वर्षांहून जुनें होतें. दुपारीं तेंही फुटलें आणि दुसरा, अधिक मोठा लोंढा शहरावर आला. लकडी पूल पाण्याखालीं गेला. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांचा नदीकडील भाग, पुलाची वाडी, डेक्कन जिमखाना, शिवाजीनगर, दत्तवाडी, येथें घराघरांत पाणी शिरलें. मृतांच्या संख्येविषयीं आजही एकमत नाहीं. सुमारें एक हजार हा अंदाज वारंवार दिला जातो.

ही आपत्ति निसर्गाची कीं माणसाची, हा वाद त्या दिवसापासूनच सुरू झाला. आधीं न्या. बावडेकर यांजकडे आणि त्यांच्या निधनानंतर न्या. नाईक यांजकडे चौकशीचें काम आलें. तो वाद आवश्यक होता यांत संशय नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं ज्या महापालिकेस रस्ते उघडावयाचे होते तिला त्याचा उपयोग नव्हता. ही महापालिका १९५० सालीं स्थापन झाली होती, म्हणजे तिचें वय अवघें अकरा वर्षांचें होतें.

तिच्यापुढील पहिली अडचण मोठी विलक्षण होती. शहर पाण्यानें बुडालें होतें आणि शहरास प्यावयास पाणी नव्हतें. पुण्याचें पाणी येत असे तें खडकवासल्याहून, कालव्यावाटे. धरणच फुटल्यावर कालव्यास पाणी कोठून येणार? वीजही बंद पडलेली होती. नळ आल्यापासून ज्यांकडे दुर्लक्ष झालें होतें त्या वाड्यांतील जुन्या विहिरींची किंमत अशा वेळीं कळते. परंतु ज्या विहिरींत पुराचें पाणी गेलें त्या उपसून, औषध टाकून शुद्ध केल्यावांचून त्यांचें पाणी पिणें म्हणजे पटकीस घरीं बोलावणें. म्हणून पुरानंतरच्या पहिल्या आठवड्यांत नगरशासनाचीं कामें एका ठराविक क्रमानें करावीं लागतात: आधीं पाणी, मग रोगप्रतिबंधक लस, मग चिखल. चिखल उपसणें दिसावयास सर्वांत मोठें काम असतें, म्हणून लोक त्याकडेच पाहतात. पण चिखलानें माणूस लगेच मरत नाहीं. तुंबलेलीं गटारें, कुजलेलें धान्य आणि मेलेलीं जनावरें हीं त्याहून घातक. या कामांत सैन्य आलें, स्वयंसेवक आले, विद्यार्थी आले. बेघर माणसें शाळांतून राहिलीं. आपत्तीच्या काळीं शाळा ही नगराची धर्मशाळा होते. मुलांचा अभ्यास बुडतो, त्यास इलाज नसतो.

हा पहिला भाग कितीही कष्टाचा असला तरी लवकर संपतो, कारण त्यांत बाहेरचे हात पुष्कळ असतात. दुसरा भाग सुरू होतो तो हे हात परत गेल्यावर, आणि तेव्हां टेबलावर फावडें नसतें, यादी असते. पूरग्रस्त कोण? ज्याचें घर वाहून गेलें तो निर्विवाद पूरग्रस्त. ज्याचें घर उभें आहे, पण भिंत भिजली आहे तो? पुण्याच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींत पांढरी माती असे. अशी भिंत पाण्यांत उभी राहिली तरी सुकतांना तडकते. आज पंचनाम्यांत उभी असलेली महिन्यानें पडूं शकते. ज्याचें घर शाबूत आहे, पण दुकानांतला माल गेला तो? आणि पंचनामा करावयाचा कोणाच्या नांवें? वाड्याचा उतारा मालकाच्या नांवावर. भाडेकरूजवळ पावती असेल, तर तीही वाड्याबरोबर वाहून गेली. पोटभाडेकरूजवळ तर ती मुळांतच नव्हती. पुराच्या पाण्यांत प्रथम जातात ते कागद, आणि पुराची मदत मिळते ती कागदांवर.

यांतून मालक आणि भाडेकरू यांच्यांतील जुनी गांठ अधिकच घट्ट बसली. १९४७ च्या कायद्यानें भाडीं गोठविलेलीं होतीं. गरीब भाडेकरूस त्यानें आधार दिला हें खरें; परंतु पडलेला वाडा नव्या खर्चानें उभा करून त्याच जुन्या भाड्यानें द्यावा, असें कोणत्या मालकास वाटेल? तेव्हां हजारों कुटुंबांपुढें प्रश्न आला तो घर दुरुस्त करण्याचा नव्हता. ज्या पेठेंत आजा-पणजा राहिला ती सोडून जाण्याचा होता.

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनीं पुनर्वसनाच्या कामीं स. गो. बर्वे यांस आणलें. या निवडींत मोठें शहाणपण होतें. बर्वे हे सनदी अधिकारी तर होतेच, पण महापालिकेच्या आरंभींच्या वर्षांत ते पुण्याचे आयुक्त होते. कोणत्या गल्लींतून कोणतें गटार जातें हें त्यांस नकाशा न पाहतां ठाऊक होतें. पुढें १९६२ सालीं शिवाजीनगरच्या मतदारांनीं त्यांस विधानसभेवर निवडून दिलें, यावरून त्यांच्या कामाविषयीं लोकांचें मत काय झालें तें दिसतें. तथापि या नेमणुकीची दुसरी बाजूही आहे. मोठ्या आपत्तींत पैसा राज्याचा असतो, म्हणून निर्णयही राज्याकडे जातात. महापालिकेचें उत्पन्न तेव्हां जकातीवर व घरपट्टीवर असे. घर पडलें कीं घरपट्टी पडे, बाजार बंद झाला कीं जकात आटे. म्हणजे खर्च सर्वांत अधिक त्याच वर्षीं उत्पन्न सर्वांत कमी. नगरशासनाची ही दुर्बलता पुण्यापुरती नाहीं, ती जगांतील बहुतेक शहरांची आहे. मदत देणारा एक आणि ती दिलेली वस्ती पुढें पन्नास वर्षें सांभाळणारा दुसरा, अशी वांटणी त्यांतून होते.

नव्या वस्त्या उठल्या त्या जुन्या गांवाबाहेर. गोखलेनगर, लोकमान्यनगर, पर्वतीपलीकडील सहकारनगर, हीं नांवें आज पुण्याच्या मध्यवस्तींत मोडतात. त्या काळीं तेथें माळ होता. कांहींना अर्धगोल पत्र्यांचे, ‘निसेन हट’ म्हणून ओळखले जाणारे तात्पुरते निवारे मिळाले. तात्पुरता हा शब्द फसवा आहे. शासन तो महिन्यांत मोजतें, आणि त्यांत राहणारी बाई तेथें चूल मांडून लेंकीचें लग्न करून देते. कित्येक कुटुंबांचीं वर्षेंच्या वर्षें तेथें गेलीं. कांहींनीं सहकारी गृहरचना संस्था काढल्या. शासनानें त्यांस जमिनी दिल्या, परंतु भाडेपट्ट्यानें. घर आपलें आणि जमीन सरकारची. म्हणजे वारसाचें नांव लावावयाचें, घर विकावयाचें किंवा मोडकळीस आलेलें पाडून पुन्हां बांधावयाचें म्हटलें कीं परवानगी आली. अशा १०३ संस्थांच्या जमिनी मालकी हक्कानें देण्याचा निर्णय राज्य शासनानें घेतला तो २०१९ सालीं. ज्यानें चिखलांतून भांडीं वेंचून काढलीं तो माणूस तोंपर्यंत हयात असणें कठीणच होतें. कागद आला तो पुष्कळ घरीं नातवाच्या हातीं.

येथें दुसऱ्या एका नगराची आठवण होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसी नदीनें हैदराबाद बुडविलें आणि हजारों माणसें दगावलीं. निजाम सरकारनें सल्ल्यासाठीं बोलाविलें तें मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांना. हे तेच अभियंते, ज्यांनीं १९०३ च्या सुमारास खडकवासल्याच्या सांडव्यावर आपोआप उघडणारीं दारें बसविलीं होतीं. त्यांनीं नगरापासून विचार आरंभिला नाहीं. नदीच्या वरच्या अंगास पूर सामावून घेणारे जलाशय करावे असें सुचविलें. त्यांतून १९२० सालीं उस्मानसागर आणि १९२७ सालीं हिमायतसागर पुरे झाले. १९१२ सालीं नगरसुधारणेसाठीं स्वतंत्र मंडळ स्थापन झालें, त्यानें दाट वस्ती मोकळी केली. हैदराबादेंत नदीचा बंदोबस्त आणि घरांचा बंदोबस्त या एकाच योजनेच्या दोन बाजू होत्या. खडकवासल्याचें धरण फुटलें तेव्हां विश्वेश्वरय्या शंभरीच्या घरांत होते आणि हयात होते.

पुण्यांत घरांचा बंदोबस्त, उशिरां कां होईना, झाला. धरणेंही पुन्हां उभीं राहिलीं. पानशेतचें नवें धरण १९७२ सालीं पुरें झालें, त्यास तानाजीसागर म्हणतात आणि शहर आज त्याचेंही पाणी पितें. नदीकांठचा बंदोबस्त मात्र राहून गेला. नियमाप्रमाणें नदीच्या दोन्ही बाजूंस दोन रेषा आंखावयाच्या असतात: पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची तांबडी. रेषा नकाशावर आहेत. पण ज्या गृहस्थांनीं १९६१ चें पाणी पाहिलें ते लांब माळावर राहावयास गेले, आणि नदीकांठच्या रिकाम्या जागा ज्यांच्या दृष्टीस पडल्या त्यांनीं तें पाहिलेलें नव्हतें. नवी पिढी नदीस पावसाळ्यांतील चार दिवसांची पाहुणी समजूं लागली. हा दोष कोणा एकाचा म्हणतां येत नाहीं. बांधणाऱ्यानें जागा घेतली, परवानगी देणाऱ्यानें दिली, आणि घर घेणाऱ्यानें नकाशांतली रेषा पाहावयास मागितली नाहीं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कात्रजकडून येणारा आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वर या भागांत घुसला. पुराच्या भयानें ज्या बाजूस माणसें नेलीं त्याच बाजूस, अरुंद झालेल्या एका ओढ्यानें त्यांस गांठलें. २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्यांतून सेकंदास सुमारें पस्तीस हजार घनफूट पाणी सोडावें लागलें, तेव्हां सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत पहिल्या मजल्यापर्यंतच्या लोकांना नावांतून बाहेर काढावें लागलें. या वेळीं धरण फुटलें नव्हतें. तें वांचविण्यासाठींच पाणी सोडलें होतें. पुन्हां पंचनामे झाले, पुन्हां याद्या झाल्या, आणि पुन्हां भाडेकरूजवळ कोणता पुरावा आहे ही विचारणा झाली. एक फरक मात्र होता. १९६१ सालीं यादींत नांव न आलेल्या माणसास आपल्या पेठेच्या नगरसेवकाच्या ओटीवर जाऊन बसतां येत असे. २०२४ च्या त्या जुलैंत पुणें महापालिकेंत निवडून आलेला एकही सभासद नव्हता. मार्च २०२२ मध्यें जुन्या सभेची मुदत संपली, तेव्हांपासून कारभार प्रशासकाकडे होता आणि नवी निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्यें. एकतानगरीचे रहिवासी आपले अर्ज घेऊन गेले ते कचेरीच्या खिडकीवर.