रॅलीचे खेळ : चित्र आणि चाक

व्हिडिओ खेळ निवडतांना दृष्टि प्रथम चित्रांकडे जाते. मोटारींच्या रॅलीच्या खेळांत मात्र ही कसोटी अपुरी पडते. रॅलींत मोटारी एकामागून एक सुटतात; झुंज असते ती रस्त्याशीं आणि घड्याळाशीं.

दोन खेळ ताडून पाहावे. १९९५ चा जगज्जेता कॉलिन मॅक्रे याच्या नांवाचा खेळ १९९८ सालीं निघाला. तो नवख्यासही लवकर वश होतो. २००१ चा जगज्जेता रिचर्ड बर्न्स याच्या नांवाचा २००४ चा खेळ तसा नव्हे. त्यांत वळणापूर्वीं ब्रेक दाबला म्हणजे मोटारीचा भार पुढच्या चाकांवर येतो, तीं चाकें जमीन घट्ट धरतात आणि मोटार वळते. हें न जाणतां नुसतें स्टिअरिंग फिरविणारा झाडावर आदळतो. म्हणूनच खेळांत आरंभीं चालविण्याचे धडे दिलेले आहेत.

२०१५ चा ‘डर्ट रॅली’ चित्रांच्या थाटांत याहून कितीतरी सरस आहे; तरी बर्न्सचा खेळ मागें पडला नाहीं. त्याचे शौकी अजूनही त्यासाठीं नवे रस्ते व नव्या मोटारी रचतात. कारण उघड आहे. जो अवघडपणा चूक दाखवून देतो, तो खेळणाऱ्यास छळीत नाहीं, शिकवितो. चित्रांची नवलाई लवकर ओसरते. शिकण्याची गोडी ओसरत नाहीं.