खड्यावरची तार

इलेक्ट्रॉनिक्सच्या नोकरीत आमचे उभे आयुष्य गेले. पण त्या विद्येचा श्रीगणेशा झाला तो शाळकरी वयात, स्फटिक-रेडिओच्या छंदात. गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर बारीक तारेचे टोक टेकवावयाचे आणि नेमकी जागा सापडेपर्यंत सरकवीत राहावयाचे. ती सापडताच हेडफोनमध्ये शब्द उमटत. बॅटरी नाही, वीज नाही! खडा प्रवाहाला एकाच दिशेने वाट देतो. लागणारी शक्ती रेडिओच्या लहरीच पुरवितात. गॅलेनाच्याच डिटेक्टरचे अमेरिकन पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली मिळाले. १९४७ साली बार्डीन व ब्रॅटन यांनी जर्मेनियमवर सोन्याची दोन टोके शेजारी शेजारी टेकविली, आणि लहर नुसती ओळखता नव्हे, वाढविताही येऊ लागली. हाच ट्रान्झिस्टर. ज्यावर आमचे पोट चालले, त्याचे मूळ असे खड्यातच होते! नोकरीत मात्र ते दिसेनासे झाले. शेवटी शेवटी दोष शोधणेही संपले. आख्खा बोर्ड बदलावयाचा, एवढेच काम उरले. निवृत्तीनंतर आम्ही पुन्हा खडा हाती घेतला आहे. मुलांच्याही हाती तो एकदा द्यावा. यंत्र वापरणे निराळे आणि यंत्र समजणे निराळे, हे त्यांना न सांगता कळेल.