यकृत काठिण्यमापन

यकृताच्या ऊतकाचा (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाचा) ताठरपणा शरीराबाहेरून मोजून त्यावरून यकृतातील तंतुभवनाचा अंदाज घेण्याच्या पद्धतीस यकृत काठिण्यमापन म्हणतात. या परीक्षेत सुई टोचावी लागत नाही, तसेच क्ष-किरणांचाही उपयोग करीत नाहीत.

तंतुभवन : ब व क प्रकारचे दीर्घकालीन व्हायरसजन्य यकृतशोथ, अतिरिक्त मद्यपान आणि यकृतातील मेदसंचय यांमुळे यकृत कोशिकांचा नाश होत राहतो. अशा वेळी यकृतातील तारकाकृती कोशिका कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन निर्माण करतात व नष्ट झालेल्या भागात व्रणासारखे कठीण ऊतक साचते. या प्रक्रियेच्या ० ते ४ अशा पाच पायऱ्या मानतात. ० म्हणजे तंतुभवनाचा अभाव आणि ४ म्हणजे यकृत सूत्रण रोग होय. यकृताची राखीव कार्यक्षमता मोठी असल्यामुळे मधल्या पायऱ्यांवर रुग्णास बहुधा काहीच त्रास जाणवत नाही. जलोदर किंवा रक्ताची उलटी होऊन रोग प्रकट होतो, तेव्हा तो पुष्कळ पुढे गेलेला असतो. याउलट, कारण वेळीच दूर केल्यास प्रारंभीचे तंतुभवन मागे हटू शकते. म्हणूनच ते लवकर ओळखण्यास महत्त्व आहे.

जीवोतक परीक्षा : यकृतातील ऊतकाचा तुकडा सुईने काढण्याचा पहिला प्रयोग जर्मन वैज्ञानिक पाउल एर्लिख यांनी १८८३ मध्ये केला. इटालियन वैद्य मेंगीनी यांनी १९५८ मध्ये सुमारे एका सेकंदात तुकडा काढण्याची रीत प्रसिद्ध केल्यावर ही परीक्षा सर्वत्र रूढ झाली. तथापि असा तुकडा संपूर्ण यकृताच्या सु. पन्नास हजाराव्या हिश्श्याएवढाच असतो आणि तंतुभवन सर्वत्र सारखे नसते. शिवाय वेदना व क्वचित रक्तस्राव यांमुळे ही परीक्षा वारंवार करता येत नाही. रोगाच्या प्रगतीवर लक्ष ठेवण्यासाठी तर पुनःपुन्हा करता येईल अशीच परीक्षा हवी असते.

तत्त्व : वैद्य हाताने पोट चाचपून यकृत मऊ आहे की टणक, हे फार पूर्वीपासून पाहत आले आहेत. तीच गोष्ट यंत्राने अंकांत मांडली जाते. पॅरिसमधील संशोधकांनी विकसित केलेल्या व २००३ पासून प्रचारात आलेल्या ‘फायब्रोस्कॅन’ या उपकरणात बरगड्यांमधील जागेवर टेकविलेली शलाका ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा हलका धक्का देते. त्यामुळे कर्तन तरंग (ऊतकाचे कण तरंगाच्या मार्गाला लंब दिशेत हलविणारे तरंग) निर्माण होऊन यकृतात शिरतात. त्याच शलाकेतून निघणारे श्राव्यातीत तरंग त्यांचा माग काढतात व वेग मोजतात. ऊतक जितके ताठर तितका हा वेग अधिक असतो. काठिण्य वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग सेकंदाला १ मी. असल्यास काठिण्य सु. ३ किलोपास्कल आणि २ मी. असल्यास सु. १२ किलोपास्कल येते. एका वेळी तपासला जाणारा भाग सुईने काढलेल्या तुकड्याच्या सु. शंभरपट असतो.

रीत : रुग्णाने किमान तीन तास काही खाल्लेले नसावे. त्यास उताणे निजवून उजवा हात डोक्यामागे ठेवण्यास सांगतात व उजव्या बाजूने सामान्यतः दहा मापने घेऊन त्यांचे मध्यक (क्रमाने मांडल्यास मधोमध येणारे मूल्य) काढतात. मापनांत फार तफावत असल्यास निष्कर्ष विश्वसनीय मानीत नाहीत. २०१० नंतर त्याच उपकरणाने श्राव्यातीत तरंगांच्या क्षीणनावरून मेदाचे प्रमाणही अजमावता येऊ लागले.

अर्थनिर्णय : निरोगी व्यक्तीत काठिण्य बहुधा ५ किलोपास्कलच्या आसपास असते. अन्य लक्षणे नसताना ते १० पेक्षा कमी असल्यास प्रगत रोगाची शक्यता फार थोडी असते, तर १५ पेक्षा अधिक असल्यास ती दाट असते. मात्र हे उपकरण काठिण्य मोजते, तंतू मोजत नाही, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. तीव्र यकृतशोथातील सूज, पित्तमार्गातील अडथळा, हृदयाच्या अकार्यक्षमतेमुळे यकृतात तुंबलेले रक्त किंवा नुकतेच झालेले भोजन यांमुळेही अंक वाढतो. तीव्र काविळीत सूत्रण रोगाएवढा आलेला अंक सूज ओसरल्यावर खाली येऊ शकतो. जलोदर असल्यास कर्तन तरंग द्रवातून पुढे जात नाहीत. अतिस्थूल व्यक्तींत विशेष शलाका वापरावी लागते. यकृतातील अर्बुद (गाठ) या मापनाने ओळखता येत नाही.

इतर पद्धती : १९९५ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी कर्तन तरंगांचे चुंबकीय अनुस्पंदनाने चित्रण करण्याची रीत मांडली. तीत यकृताचा मोठा भाग तपासता येतो, परंतु ती खर्चिक आहे. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे ‘फिब-४’ हा रक्तनिर्देशांक होय. वय व एएसटी या एंझाइमाचे मूल्य यांच्या गुणाकारास बिंबाणूंची संख्या (हजारांत) व एएलटी एंझाइमाच्या मूल्याचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागून तो काढतात. वय ५०, एएसटी ४०, बिंबाणू २०० आणि एएलटी ३६ असल्यास तो सु. १.६७ येतो. १.३ पेक्षा कमी निर्देशांक दिलासादायक, तर २.६७ पेक्षा अधिक धोकासूचक मानतात. वृद्धांमध्ये खालची मर्यादा अधिक धरतात. वरील उदाहरणाप्रमाणे मधले मूल्य आल्यास काठिण्यमापन करणे इष्ट ठरते.

भारतात २०१८ मध्ये राष्ट्रीय व्हायरसजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २०२१ मध्ये मेदयुक्त यकृताच्या विकाराचा असांसर्गिक रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश करण्यात आला. अशा व्यापक कार्यात प्रथम रक्तनिर्देशांक व नंतर निवडक व्यक्तींचे काठिण्यमापन हा क्रम सोयीचा असतो. क प्रकारच्या यकृतशोथावरील औषधांनी व्हायरस नाहीसा झाल्यावर काठिण्य झपाट्याने उतरते, परंतु त्यातील बराच भाग केवळ सूज ओसरल्याचा असतो. म्हणून ज्यास पूर्वी सूत्रण रोग होता, त्याची कर्करोगासाठी नियमित तपासणी अंक उतरल्यावरही चालू ठेवावी लागते.