दहा कोटी गाणी आणि सप्त्याची पत्रिका

लातूर जिल्ह्यातल्या जळकोटहून उदगीर, उदगीरहून पुढं बीदर. इ. स. १४५५च्या सुमाराला तिथं बहमनींची राजधानी होती आणि इराणातून आलेला महमूद गवान शहरात नुकता स्थिरावत होता. समजा, त्या वर्षी बीदरच्या किल्ल्यात कुणीतरी आजच्या एखाद्या अ‍ॅपवर पहिलं गाणं लावलं. पुढं जेवण नाही, झोप नाही, एकही गाणं दुसऱ्यांदा नाही. बहमनी बुडाले, बरीदशाही आली आणि गेली, मोगल आले, निजाम आले, पोलिस अ‍ॅक्शन झाली, लातूर जिल्हा झाला. यादीतलं शेवटचं गाणं आत्ता कुठं संपत असेल.

हिशेब साधा आहे. स्पॉटिफाय आणि अ‍ॅपल म्युझिक या दोन्ही कंपन्या आपल्याकडं दहा कोटींहून जास्त गाणी असल्याचं सांगतात. सरासरी तीन मिनिटं धरली तर तीस कोटी मिनिटं होतात, म्हणजे ५७० वर्षं. तीन मिनिटं हे मापही मी मनानं घेतलेलं नाही. कोलकात्यात १९०२ साली गायिका गौहर जान पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला बसली तेव्हापासून तबकडीनं ते गाण्याच्या मानेवर बसवलं, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर त्याहून फारसं जास्त मावतच नव्हतं. तबकडी गेली, माप राहिलं.

बरं, दहा कोटी हा झाला एका दुकानातला माल. ल्युमिनेट ही संस्था जगभरच्या सगळ्या स्ट्रीमिंग सेवांचा हिशेब ठेवते. तिच्या मोजणीत २०२३ साली १८ कोटी ४० लाख ट्रॅक निघाले. तीन मिनिटांच्याच मापानं ही झाली १,०५० वर्षं. एवढं मागं गेलं की आपण राष्ट्रकूटांच्या पडझडीत जाऊन पोचतो. हे राजे स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवून घेत, आणि लट्टलूर म्हणजेच आजचं लातूर असं इतिहासकार मानतात. त्यांना ९७३ साली तैलप चालुक्यानं गादीवरून उठवलं. तेव्हा लावलेली यादी आज संपते.

संपते तरी कशी? त्याच हिशेबानुसार रोज एक लाखाच्या वर नवे ट्रॅक चढवले जातात. एक लाख गाणी म्हणजे तीन लाख मिनिटं, पाच हजार तास, २०८ दिवस. तुम्ही चोवीस तास कान देऊन ऐकलंत तरी त्या चोवीस तासांत मागं २०८ दिवसांचं ऐकणं साचतं. सावकारी व्याजसुद्धा इतक्या वेगानं चढत नसे.

त्याच वर्षातला आणखी एक आकडा आहे आणि मला तो सगळ्यांत जास्त खटकतो. या १८.४ कोटींपैकी ४ कोटी ५६ लाख ट्रॅक वर्षभरात एकदाही वाजले नाहीत. जगात कुठंही, कुणाच्याही घरी, चुकूनसुद्धा नाही. तीन मिनिटांनी गुणलं तर ही २६० वर्षं भरतात. सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरला गाठलं ते १७६० साली. त्या लढाईपासून आजपर्यंतचा जवळजवळ सगळा काळ भरेल एवढं संगीत तयार आहे, आणि त्याला श्रोता शून्य.

अशा डोंगरापुढं माणूस काय करणार? यादी करणार. यादी करण्याची ही हौस मोबाइलनं आणलेली नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडं लोक कोरी कॅसेट घेऊन तालुक्याच्या दुकानात जात आणि कागदावर गाणी लिहून देऊन ती ‘भरून’ घेत. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, त्यामुळं एका बाजूला साधारण ८६ मीटर फीत आणि दहा गाणी. दहावं गाणं अर्ध्यात तुटलं तर तुटलं. पुढं कॅसेटच्या जागी मेमरी कार्ड आलं, भरून घेणं तसंच राहिलं. चार जीबीच्या कार्डात आठशेएक गाणी बसत. त्यात प्रल्हाद शिंदेंच्या शेजारी कुमार सानू आणि त्याच्या शेजारी डीजेचा ढणढणाट, हे कुणालाही वावगं वाटत नव्हतं. आजची प्लेलिस्ट हीच. फरक इतकाच, की तेव्हा कागद आपण लिहायचो, आता पुष्कळदा यंत्र लिहून देतं.

यंत्राला त्यात कसली गोडी? इथं पैशाचा हिशेब येतो. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ते ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. २०२४पासून आणखी एक अट लागली: बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही, तर त्या ट्रॅकचा मोबदलाच मोजायचा नाही. आता पंडित भीमसेन जोशींचा पंचवीस मिनिटांचा एखादा राग घ्या. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळे मिटून ऐका, मोजणीत पडतो एक. तेवढ्याच वेळात तीन-तीन मिनिटांची आठ गाणी वाजली तर पडतात आठ. आणि कुणी दर ३१ सेकंदांनी पुढचं गाणं लावत गेला तर पडतात ४८. विलंबित ख्यालाची पहिली ३० सेकंदं म्हणजे अजून तानपुराच जुळतोय. या बाजारात ख्याल कुठं बसतो ते सांगायला गणिताचा मास्तर लागत नाही.

आता अल्बमकडं वळू, म्हणजे क्रमाकडं. दहा गाण्यांचा अल्बम घ्या. ही दहा गाणी किती वेगवेगळ्या क्रमांनी लावता येतील? ३६ लाख २८ हजार ८००. रोजच्या चोवीस तासांत अर्ध्या तासाला एक याप्रमाणं हे सगळे क्रम ऐकायला २०७ वर्षं लागतील. त्यांतला एक क्रम संगीतकारानं निवडलेला असतो.

दहाच्या पुढं आकडे हाताबाहेर जातात. संध्याकाळी देवळात म्हणतात तो ज्ञानोबांचा हरिपाठ २८ अभंगांचा. या २८ अभंगांचे संभाव्य क्रम ही तीस आकडी संख्या आहे. तिची जाणीव करून घ्यायची तर असं समजा: आज जगात असलेली आठशे कोटी माणसं विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे गेली १,३८० कोटी वर्षं, बसून आहेत आणि प्रत्येक जण दर सेकंदाला हरिपाठाचा एक नवा क्रम लावतो आहे. कुणी कुणाची नक्कल करत नाही. तरी आजवर ८७ क्रमांतला एकच लावून झाला असता. आणि गावात? टाळ वाजवणारं दहा वर्षांचं पोरसुद्धा या असंख्य क्रमांतला एकच पाठ म्हणतं, पुस्तक न उघडता.

मराठीत क्रमाची सगळ्यांत मोठी जाहीर कसोटी लागली ती गीतरामायणात. सीताकांत लाडांची कल्पना, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला सुरुवात झाली आणि १९ एप्रिल १९५६च्या रामनवमीला समाप्ती. आठवड्याला एक नवं गीत. त्या वर्षी भाद्रपद अधिक आला आणि रामनवमी ते रामनवमी हे अंतर ३८४ दिवसांवर गेलं, म्हणून गीतं झाली ५६. आज मोबाइलवर दोन बैठकांत उरकेल त्या रामकथेला लोकांनी वर्षाहून अधिक काळ दिला, आणि राम वनात निघाल्यावर पुढं काय ते पाठ असूनही सात दिवस वाट पाहिली.  

छप्पन्न गीतांचे संभाव्य क्रम ७५ आकडी भरतात. आपल्या आकाशगंगेतले सगळे अणू मोजले तरी त्या संख्येपुढं अपुरे पडतील. अ‍ॅपवर शफलचं बटण दाबलं की यांतला कुठलाही क्रम वाट्याला येतो. सेतू बांधून होतो आणि मग राम जन्माला येतो. सीतेला आधी वनात सोडलं जातं, तिचं स्वयंवर नंतर. त्यात गदिमांनी पहिलं गीत दिलंय ते रामापुढं गाणाऱ्या कुशलवांना आणि शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या मुलांना गायला धाडतात. शेवट जिथं संपतो तिथून सुरुवात होते, असं ते वर्तुळ आहे. शफलमध्ये पहिलं म्हणजे कुठलं आणि शेवटचं म्हणजे कुठलं?

तबकडीवर हा घोळ इतका सोपा नव्हता. १९४८ साली एलपी आली, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. त्या बाजूवरची खाच उलगडली तर चारशे ते पाचशे मीटर भरते आणि ती सलग एकच असते. एचएमव्हीनं गीतरामायणाचा दहा एलपींचा संच काढला होता. वीस बाजू, म्हणजे आठ ते दहा किलोमीटरची खाच, आणि सुईला त्या वाटेनंच जावं लागे. मधलं गाणं गाळायचं तर खुर्चीतून उठून सुई उचलायची. आळस हा क्रमाचा मोठा राखणदार होता, असं माझं मत आहे.

शफलचीही एक गंमत सांगायला हवी. यंत्रानं खरोखर चिठ्ठ्या टाकल्या तर लोकांना ते पक्षपाती वाटतं. दहा गायकांची प्रत्येकी पाच अशी पन्नास गाणी घ्या. प्रामाणिकपणे पिसली तर सरासरी चार ठिकाणी एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येतात. ऐकणारा म्हणतो, यंत्राचा काहीतरी डाव आहे. म्हणून २०१४च्या सुमाराला स्पॉटिफायनं पिसण्याची रीत बदलली आणि एका गायकाची गाणी मुद्दाम लांब-लांब पेरायला सुरुवात केली. थोडक्यात, ज्याला आपण ‘कसंही’ म्हणतो तोही कुणीतरी लावलेला क्रमच आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये अडेल या गायिकेनं आग्रह धरला तेव्हा त्याच कंपनीनं अल्बमच्या पानावर शफल आपोआप सुरू होणं थांबवलं. तिचं म्हणणं असं की गाणी ज्या क्रमानं ठेवली त्या क्रमानंच ऐकली जावीत.

जळकोट, मुखेड, कंधार, अहमदपूर या पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. इथं हरिनामाचा सप्ता बसतो तेव्हा पत्रिकेवर क्रम छापलेला असतो: पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरी पारायण, गाथा भजन, प्रवचन, हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर हरिजागर. सात दिवस, १६८ तास, वीणा खाली टेकवायची नाही, पहारे बदलायचे. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या सातांत वाटल्या की दिवसाला तेराशेच्या आसपास येतात. शेवटच्या अठराव्या अध्यायात एकट्यातच अठराशेच्या वर ओव्या आहेत, त्यामुळं वाचणाऱ्यांचा खरा कस अखेरीस लागतो. नांदेडला गुरू ग्रंथसाहिबाचा अखंड पाठ होतो तेव्हा १,४३० पानं ४८ तासांत, न थांबता, म्हणजे दोन मिनिटांना एक पान. ३१ रागांत बांधलेल्या त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदंही आपापल्या रागाच्या जागी आहेत. पाठ पहिल्या पानापासून सुरू होतो. आवडतं पान आधी, असं तिथं चालत नाही.

पण म्हणून प्लेलिस्टला नावं ठेवण्याचं कारण नाही, कारण त्याच मांडवात रात्री नऊ वाजता तीही उभी राहते. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्यावर प्रमाणं देऊ लागतो. तुकोबांच्या साडेचार हजारांवर अभंगांतलं एक, ज्ञानेश्वरीतली एक ओवी, एखादं नामदेवांचं, एखादं जनाबाईचं. गाथा सलग गायची आणि अभंगाला चार मिनिटं धरायची तर साडेबारा दिवस लागतील. हा माणूस दोन तासांत तिच्यातली हवी तेवढी पंधरा-वीस पदं उचलतो. निवड त्याची, क्रम त्याचा, आणि तो डोळ्यांसमोर उभा आहे. हे प्रमाण इथं का आलं, असं काल्याच्या पंगतीत त्याला विचारता येतं. मागचे टाळकरी पहिला शब्द कानावर पडताच पद उचलतात, कारण सगळा साठा त्यांच्याही पोटात आहे. मोबाइलमधल्या यादीबाबत माझी तक्रार गाण्यांच्या सरमिसळीबद्दल नाही. यादी कुणी लावली याचा पत्ता नसतो आणि ऐकणाऱ्याच्या पोटात साठा नसतो, एवढीच आहे.

हा सगळा सप्ता घरी स्ट्रीम करायचा म्हटला तर? स्ट्रीमिंगच्या मधल्या दर्जाला, म्हणजे १६० केबीपीएसला, तासाला ७२ एमबी जातात. सीडीचा दर्जा ठेवायचा तर आकडा नऊपट होईल.  तो मोह नको. मधल्या दर्जाला १६८ तासांचे १२ जीबी होतात, जुन्या सोळा जीबीच्या कार्डात आरामात बसतील. पण कार्ड न वापरता रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर सलग ऐकायचं ठरवलं, तर पॅक २१ तास पुरतो आणि दिवसाला तीन तास कमी पडतात. हरिजागर शेजाऱ्याच्या हॉटस्पॉटवर ऐकावा लागेल.